जुन्या यंत्राचा मालक कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा संपवला. ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणारे असंख्य धडधाकट संगणक त्यामुळे मोडीत निघू पाहत आहेत. यंत्र विकत घेणाऱ्याचे. मग त्याचे आयुष्य कंपनीने का ठरवावे? हा प्रश्न रोह्यालगतच्या वरसे गावातील विद्यार्थ्यालाही भेडसावणारा आहे.

त्यावर उपाय आहे तो लिनक्सचा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेले हे काम जगभरच्या सहकार्याने वाढले. मात्र त्याच्या शेकडो आवृत्त्या पाहून नवखा माणूस गांगरतो. सी-डॅकची ‘बॉस’ भारतीय भाषांसाठी घडवली गेली; केरळच्या शाळांनी उबुंटूवर आधारलेली प्रणाली राबवून दाखवली. तथापि विंडोजची सवय असलेल्याने ‘लिनक्स मिंट’पासून प्रारंभ करणे श्रेयस्कर. तिची मांडणी ओळखीची वाटते. ४ जीबी स्मृतीच्या जुन्या यंत्रास तिची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती पुरते. एकाने ती उतरवून घ्यावी व गावभर वाटावी. त्यात चोरी नाही.

मूळ प्रणालीस धक्का न लावता मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. मराठी टंकलेखन, छपाई व वायफाय तपासावे, फायलींची प्रत काढून ठेवावी, मगच ती कायमची बसवावी. केवळ विंडोजवर चालणाऱ्या हिशेबाच्या कार्यक्रमावर ज्याचे पोट आहे, त्याने घाई करू नये. कार्यकर्त्यांनी हा प्रयोग प्रथम आपल्या शाखेतील जुन्या संगणकावर करावा.