बेचाळिसाव्या दिवशी आईलाही विचारा

यंदाच्या महिला दिनाला आमच्या ऑफिसनं झुंबा ठेवला होता. गुलाबी टी-शर्ट, मोठ्ठा स्पीकर, शिट्टी मारणारी ट्रेनर. मी 26 आठवड्यांची रजा संपवून नुकतीच रुजू झाले होते. "या मॅडम, पोट उतरेल" असा प्रेमळ आग्रह झाला. चौथ्या उडीला लक्षात आलं की लघवी थांबत नाहीये. टी-शर्ट खाली ओढत भिंतीशी जाऊन उभी राहिले. तिथे आधीच चौघी उभ्या होत्या. दोघींचा गुडघा, एकीची कंबर, एकीचा उपास. नंतर बाथरूममध्ये मी खरं काय ते सांगून टाकलं, तेव्हा चौघींपैकी तिघींचं दुखणं माझंच निघालं. एकीचा मुलगा यंदा दहावीला आहे!

विषय लाजिरवाणा वाटत असेल तर पुढे वाचू नका. पण वाचा खरं तर, पुरुषांनी तर जरूर वाचा.

बाळंतपणानंतर मला सल्ला कमी मिळाला असं अजिबात नाही. तासगावला माहेरी आईनं सव्वा महिना फरशीवर पाय ठेवू दिला नाही. शेक, मालिश, डिंकाचे लाडू, अळीव, पोटाला पट्टा. दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर लिहिलं होतं, 'जड उचलू नये'. किती जड, किती दिवस, ते नाही. सहा आठवड्यांनी दाखवायला गेले तर टाके बघून डॉक्टर म्हणाल्या, "छान भरलंय, आता सगळं नॉर्मल." त्या 'सगळं'वर विश्वास ठेवून मी सातव्या आठवड्यात नणंदेनं पाठवलेला 'तीस दिवसांत सपाट पोट' व्हिडिओ लावला आणि उताणं पडून पोटाचे व्यायाम सुरू केले. पोट मधोमध तंबूसारखं वर यायचं. मला वाटायचं, स्नायू तयार होतायत.

झुंब्यानंतर एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी झोपवलं, डोकं जरा उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर बोटं ठेवली. दोन पट्ट्यांच्या मध्ये अडीच बोटं फट. गरोदरपणात पोटाचे उभे स्नायू बाजूला सरकतात, बऱ्याच जणींचे आपोआप जवळ येतात, काहींचे येत नाहीत. "तुम्ही करत होता ते व्यायाम तूर्त बंद. आधी तळ, मग भिंती," त्या म्हणाल्या. तळ म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, ज्यांच्यावर मूत्राशय, गर्भाशय सगळं पेललेलं असतं. वारा अडवताना जे आवळतो तेच. श्वास सोडताना आत-वर ओढायचे, पाच मोजायचे, पूर्ण सैल सोडायचे. उचलताना, खोकताना आधी ते आवळायचे. रोज दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चालायचं, जड वाटलं किंवा गळलं तर थांबायचं, नाही तर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. उड्या सगळ्यात शेवटी. बाळंतपणानंतर पळायला निदान 12 आठवडे तरी थांबा, असं ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी 2019 मध्येच लिहून ठेवलंय. माझी सहा सत्रं झाली, प्रत्येकी 700 रुपये. फरक पडला. मला पडला, कारण माझ्याकडे 4200 रुपये होते.

आता दुसरी गोष्ट. आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींची सून माझ्या आगेमागेच बाळंत झाली. सरकारी दवाखान्यात, फुकट, व्यवस्थित. बाविसाव्या दिवशी ती चार घरची कामं धरून उभी, कारण मावशींचं कंबरडं गेलेलं आणि घरं हातची सुटली असती. त्यांच्या गल्लीत पाणी पहाटे येतं, पंधरा लिटरची घागर दोन जिने चढवायची. परवा मला हळूच म्हणाली, "ताई, खाली जड जड वाटतंय. अंग बाहेर येतंय जणू." नवऱ्याला सांगितलंस का? नाही. सासूला? "त्यांचं पण तसंच हाय की." मी तिला दाखवायला घेऊन गेले. तिथंही तेच, जड उचलू नका. बाई, घागर कोण उचलणार?

कायदा आहे. प्रसूती लाभाचा कायदा सांगतो, बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर ठेवताच येत नाही. पण तो आस्थापनांना. चार घरची धुणीभांडी म्हणजे आस्थापना नव्हे, ऊसतोडीचा कोयता तर नाहीच. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला 5000 रुपये मिळतात, हप्त्यांनी, आणि त्यातून रजा विकत घेता येत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे. "आमच्या आज्या शेतात बाळंत व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी खुरपायला जायच्या." माझी आजी आठ वेळा बाळंत झाली. ती एसटीनं लांब जायची नाही, खळखळून हसताना पाय एकमेकांवर टाकायची, आणि तिच्या ट्रंकेत कायम मऊ जुनेऱ्याच्या घड्या असायच्या. ते कशाला, हे मला आत्ता कळलं. आज्यांना कुणी विचारलंच नव्हतं हो! डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत विचारलं आणि तपासलं, तेव्हा 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं 1989 साली.

मग करायचं काय? नवी योजना, नवा लोगो नको. महाराष्ट्रात जवळपास 95 टक्के बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, म्हणजे प्रत्येक बाई एकदा तरी यंत्रणेच्या हाताखालून जाते. त्यानंतर आशाताई घरी सहा वेळा येतात, शेवटची भेट 42 व्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, नाळ, दूध, सगळं बघतात. आईचाही ताप आणि रक्तस्राव विचारतात. त्या शेवटच्या भेटीत आणखी तीन प्रश्न घाला. शिंकताना, खोकताना लघवी होते का? खाली जड वाटतं का? घरात पाणी कोण भरतं? पहिल्या दोनांतल्या एकाचं जरी उत्तर 'हो' आलं तर तिला फिजिओथेरपिस्टकडे पाठवा. आणि या कामाचे आशाताईंना वेगळे पैसे द्या, नाही तर त्यांच्या डोक्यावर अजून एक रजिस्टर तेवढं वाढेल.

फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंची फिजिओथेरपी सरकारी आरोग्यविम्यातून मिळते, तिथे कुणी त्याला चोचले म्हणत नाही. आपल्याला सुरुवातीला एवढंही नको. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दुपार बायकांसाठी, पडदा लावलेली एक खोली आणि एक शिकलेली बाई.

आणि सव्वा महिन्याला नावं ठेवू नका. शेक-मालिशीचं काय ते असो, पण 'पाणी दुसरं कुणीतरी भरेल' ही त्यातली गोष्ट अगदी बरोबर होती. सध्या आमच्या त्या सुनेची घागर तिचा नवरा चढवतोय. दोनदा बोलावं लागलं.

तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे का, असेल तर कुठल्या वारी बसतात, तेवढं कमेंटमध्ये तालुक्याच्या नावासकट लिहा. यादी करतेय. आमदारांना पाठवायची आहे.