गारव्यातली भेंडी

कृष्णाकाठच्या सांगलीच्या शिवारात जानेवारी सरता सरता टोकलेली भेंडी आरामात उगवते. त्याच कृष्णेच्या उगमाशी, सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात तेच बी त्या दिवसांत वाफ्यात कुजतं. दोष बियाण्याचा नाही. माती १७ अंशांच्या खाली असली की भेंडीचं बी रुजतच नाही. म्हणून महाबळेश्वर-पाचगणीच्या परसात मार्च उजाडेपर्यंत थांबावं, बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावं आणि दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीलगत टोकावं. स्ट्रॉबेरीमुळे मल्चिंग पेपर तिथं घरोघरी ओळखीचा. तो काळा पेपर आठवडाभर आधी अंथरला की माती चांगली तापते. रोपं करायचीच तर कागदी पेल्यात करावीत, कारण सोटमूळ दुखावलेली भेंडी पुन्हा जोम धरत नाही. एरवी दीड महिन्यात सुरू होणारा तोडा तिथं दोन महिन्यांवर जातो, म्हणजे मे महिना. जूनच्या धारांपुढे मात्र हे पीक टिकवण्याचा हट्ट मला पटत नाही. वाण संकरित नसेल, तर पहिल्या बहरातल्या दोन-तीन भेंड्या झाडावरच वाळू द्याव्यात. गारव्यात तगलेल्या झाडाचं बी पुढच्या मार्चला हाताशी हवं.