वाळूतली अक्षरं कोणासाठी?

‘डिस्लेक्सिया’ हा शब्द आपल्याकडे जात बघून वापरला जातो, असं मी म्हणते तेव्हा सेमिनारमध्ये लोक हसतात. मेंदूला कुठे जात असते, म्हणतात. मेंदूला नसेल, पण वाचता न येणाऱ्या मुलाकडे बघणाऱ्या नजरेला असते.

संशोधनासाठी हैदराबादच्या दोन शाळांत मी बसले. एक महागडी, खासगी. तिथल्या रिसोर्स रूममध्ये नऊ वर्षांची मुलगी वाळूत बोटाने अक्षर गिरवायची आणि गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायची. डोळे, कान आणि हात एकदम कामाला लावणारी ही पद्धत. समोर एकच शिक्षिका, तिला कसली घाई नाही. चुकलं की पुन्हा तेच अक्षर.

दुसरी शाळा सरकारी. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा फळ्यावरचं सगळं वहीत उतरवायचा. काय उतरवलं ते त्याला वाचता येत नसे. पण बाईंनी गोष्ट वाचून दाखवली की तो ती पात्रांच्या आवाजांसकट परत सांगायचा. ऐकलेलं समजतं, छापलेलं उलगडत नाही. डिस्लेक्सियाची शंका यावी ती इथेच. बाईंना आली नाही. वडील सफाई कामगार आहेत, एवढं स्पष्टीकरण त्यांना पुरलं. “घरी वातावरणच नाही हो, मॅडम.”

अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्याने मुख्यतः आर्थिक वा सांस्कृतिक वंचिततेतून येणाऱ्या अडचणी अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येतून वगळल्या. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या व्याख्येत असं कलम नाही. कायद्यात नसलेलं हे कलम आपल्या स्टाफरूममध्ये मात्र इमानेइतबारे पाळलं जातं. सवर्ण घरातलं मूल अडखळलं की तपासणी, आमचं अडखळलं की ‘गती कमी’.

पुरोगामी मित्र म्हणतात, मुलांवर शिक्के मारू नका. त्यांची भीती खोटी नाही. ‘ढ’ ऐकत मोठे झालेले आमचे आईबाप मुलावर आणखी एक शिक्का कशाला लावून घेतील? पण वाळूला सर्टिफिकेट लागत नाही. आवाज आणि अक्षर यांची जोडी सावकाश, क्रमाने शिकवायला महागडी फीही लागत नाही. मग सरकारी वर्गात नक्कल आणि घोकंपट्टीच का उरते?

२०११ च्या जनगणनेत दिव्यांगांचं प्रमाण एकूण लोकसंख्येत २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींत २.४५ टक्के होतं. त्यात अध्ययन अक्षमतेचा वेगळा रकानाच नव्हता.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक, असं प्रमाण सांगितलं. त्या सरकारी शाळेत विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येते, बाकीचे दिवस इतर शाळांना. ती येते तेव्हाही हा मुलगा आपल्या बाकावरच असतो, कारण तिच्या यादीत त्याचं नाव नाही. नाव जायचं तर आधी वर्गातल्या बाईंना शंका यावी लागते.