निळा दिवा लावला की रात्र होत नाही

गेल्या गणेशोत्सवात इंदुरातील एका हौशी मंडळाची एकांकिका पाहिली. मंडळाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण हा दोष आता सार्वत्रिक झाला आहे. प्रसंग मध्यरात्रीचा होता. आजारी मुलाच्या उशाशी आई बसली होती. पडदा सरकला आणि रंगमंच गडद निळ्या प्रकाशात बुडाला. त्या निळाईत आईच्या कपाळावरचे कुंकू काळे दिसू लागले, लुगड्याचे तांबडे काठ कोळशासारखे झाले आणि तिच्या चेहऱ्यावरचा एकही भाव आमच्या रांगेपर्यंत पोहोचला नाही. पुढे नारिंगी दिव्याने पहाट झाली, हिरव्या दिव्याने श्रावण आला. शेजारचे गृहस्थ उद्गारले, "लायटिंग काय झकास आहे!" माझा वाद या उद्गाराशी आहे.

कुंकू काळे का झाले, हे शाळकरी पदार्थविज्ञान आहे. तांबडी वस्तू तांबडे किरण परावर्तित करते. निव्वळ निळ्या प्रकाशात ते किरणच नसतात. मग रात्र निळी, संध्याकाळ नारिंगी, पावसाळा हिरवा हे कोष्टक आले कुठून? चांदणे म्हणजे चंद्रावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाशच. ते निळसर भासते, कारण मंद उजेडात आपल्या डोळ्यांना तांबडा रंग फारसा जाणवत नाही. शासकीय नोकरीत माळव्यातील खेडोपाडी मुक्काम करताना अनेक रात्री मी उघड्यावर काढल्या आहेत. ज्या रात्रींना 'शब-ए-मालवा' म्हणून गौरवले जाते, त्यांची खूण रंगात नाही. ती मंदपणात, गारव्यात आणि झाडांच्या लांब सावल्यांत आहे.

काळाची जाणीव देते ती मुख्यतः प्रकाशाची दिशा. सकाळी उजेड एका बाजूने, खालून तिरपा येतो; भर दुपारी तो डोक्यावरून पडतो आणि सावली पायांशी गोळा होते; सायंकाळी तो विरुद्ध बाजूला जातो. वैशाखाचे ऊन पांढरे व कठोर असते, तर आषाढात ढगांतून गाळून आलेल्या उजेडात सावल्या विरघळून जातात. हे साधायला चार-सहा दिवे, त्यांची योग्य जागा आणि प्रेक्षकाला नकळत होणारा बदल पुरेसा आहे. पूर्वी जिलेटिनचा कागद कापून दिव्यापुढे लावावा लागे, म्हणून लावण्याआधी विचार होई. आता एलईडी दिव्याचे बटण दाबताच हवा तो रंग मिळतो, आणि विचाराची गरजच उरली नाही असा समज झाला आहे.

यावर कोणी म्हणेल, "म्हणजे तुम्हांला प्रकाशयोजनाच नको!" मुळीच नाही. कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात १९५९ साली उत्पल दत्त यांच्या 'अंगार'मध्ये तापस सेन यांनी पाणी भरत जाणारी कोळशाची खाण निव्वळ प्रकाशाने उभी केली. पण तो प्रकाश बुडणाऱ्या माणसांचे मरण दाखवीत होता. आपल्याकडे प्रकाश माणसालाच झाकू लागला आहे.

माझे खरे दुखणे याहून खोल आहे. 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात कण्वांचा शिष्य रात्र किती उरली हे पाहायला बाहेर येतो. एकीकडे चंद्र मावळतो आहे, दुसरीकडे सूर्य उगवतो आहे, हे तो सांगतो आणि पहाट होते. 'मृच्छकटिका'चा पाचवा अंक तर पावसानेच भरलेला आहे. सकाळ, रात्र आणि ऋतू हातांनी व दृष्टीने कसे सुचवावेत, याचे विवेचन नाट्यशास्त्राने केले आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' मराठीत आणले, तेव्हा लंडनच्या सॅव्हॉय थिएटरातही विजेचे दिवे यायला एक वर्ष अवकाश होता. तरीही पहाट होत होती. ती नटाच्या वाणीत होत होती.

त्या एकांकिकेच्या छापील संहितेत आईच्या तोंडी 'तांबडं फुटलं गं बाई' असे वाक्य आहे. प्रयोगात ते नव्हते. दिग्दर्शकाला विचारले, तर तो विनयाने म्हणाला, "काका, ते दिव्यानं कळतंच की."

वाचकहो, येथे प्रश्न केवळ नाट्यतंत्राचा राहत नाही. आपली नातवंडे शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात. घरातले मराठीही स्वयंपाकघरापुरते उरले आहे. झुंजुमुंजू, कातरवेळ, तिन्हीसांजा, टळटळीत दुपार, उत्तररात्र हे शब्द मोठ्याने उच्चारण्याची संधी त्यांना रंगमंचाशिवाय कोठे मिळणार? पुण्या-मुंबईच्या नटाने एखादे वाक्य गाळले तर ते त्याला बाहेर पुन्हा ऐकू येईल. आपल्या मुलांना ते ऐकू येणार नाही.

म्हणून मंडळांना एकच सूचना करतो. तालीम सभागृहाच्या साध्या ट्यूबलाइटखाली पाहावी. डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही पहाट झाल्याचे कळले, तर मग दिवे खुशाल लावावेत. न कळल्यास आधी ते गाळलेले वाक्य परत आणावे.