बार्बाडोस, भुशी आणि आपलं आवडतं गाव

२९ जून २०२४ची रात्र आठवतेय ना? ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर शेवटच्या षटकात सूर्यकुमारनं सीमारेषेवर तो अशक्य झेल घेतला आणि भारत ७ धावांनी टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला. रोहित शर्मानं खेळपट्टीवरची माती तोंडात टाकली. इकडे आपण पावसात भिजत, दुचाकीवर तिरंगा घेऊन, घसा बसेपर्यंत ओरडत होतो. त्या रात्री बार्बाडोस हा देश अचानक आपल्या शेजारच्या गावासारखा वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मॅच जिंकलेली, पाऊस लागलेला, अर्थातच अर्धं पुणे आणि अर्धी मुंबई लोणावळ्यात. त्याच दुपारी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. एक बाई आणि चार मुलं. एकमेकांना घट्ट धरून पाण्याच्या मधोमध उभं राहिलेलं ते कुटुंब आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. ज्यांनी पाहिलं त्यांना ते विसरता आलेलं नाही.

एका वीकेंडला दोन व्हिडिओ. एक कॅरेबियन बेटावरचा, दुसरा आपल्या घरामागचा. हा लेख या दोन जागांबद्दल आहे. कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: जी गोष्ट लोकांना आपल्या गावाबद्दल सगळ्यात जास्त आवडते, तीच विकायला काढली तर पुढे काय होतं?

तुला इथलं काय आवडतं?

हा प्रश्न मी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकला होता. सगळे मावळातलेच, कुणी कामशेतचं, कुणी पवनानगरचं, कुणी खुद्द लोणावळ्याचं. वाटलं होतं, टायगर पॉइंट, चिक्की, मॅगी अशी उत्तरं येतील. तसं एकही आलं नाही. एकानं लिहिलं, ‘जूनमध्ये खाचरात पहिलं पाणी साठतं तेव्हाचा बेडकांचा आवाज.’ एकीनं लिहिलं, ‘लोकलमधून मळवली मागे टाकली की येणारा गार वारा.’ मग चैत्रातली एकवीरा आईची यात्रा, बैलगाडा शर्यतीचा घाट, नव्या इंद्रायणी तांदळाच्या भाताचा वास, लोहगडावर शाळेच्या सहलीत खाल्लेला डबा. आणि एक उत्तर असं: ‘सोमवार. कारण सोमवारी गाव आपलं असतं.’

या शेवटच्या उत्तरावर सगळ्यात जास्त हसण्याच्या इमोजी पडल्या. पण गंमत म्हणून ते सोडून देता येत नाही. या यादीतल्या बहुतेक गोष्टींना तिकीट नाही. पाऊस, वारा, डोंगर, देवी, पाणी यांतलं काहीच कुणा एकाच्या मालकीचं नाही. पाहुण्यांना जे आवडतं, तेही नेमकं हेच. फरक इतकाच की आपण त्यात राहतो आणि ते दीड दिवसात सगळं उरकायला येतात.

आता बार्बाडोसकडे बघू. साधारण ४३० चौरस किलोमीटरचं बेट, लोकसंख्या तीन लाखांच्या आत. २०११च्या जनगणनेत आपल्या मावळ तालुक्याची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या आसपास होती. म्हणजे तो अख्खा देश माणसांच्या हिशेबात आपल्या तालुक्यापेक्षा लहान आहे. तिथलं आयुष्य कशाभोवती फिरतं? समुद्र, क्रिकेट, शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सच्या बंदरावर तळलेली मासळी आणि उसाची तोड संपल्याचा ‘क्रॉप ओव्हर’ हा सण. हा सण मध्यंतरी बंद पडला होता, १९७४मध्ये तो पुन्हा सुरू केला गेला. म्हणजे तिकडेही मनातली यादी आपल्यासारखीच: पाणी, खेळ, सुगी, जेवण, माणसं. आपल्या आजोबांच्या पिढीला वेस्ट इंडीज म्हणजे वाडेकरांची १९७१ची टीम आणि गावसकरांच्या ७७४ धावा. आपल्याला मात्र ते दुसऱ्या एका गोष्टीसाठी माहीत असायला हवं.

किनारा कुणाचा?

बार्बाडोसमध्ये सगळे किनारे सार्वजनिक आहेत. पंचतारांकित हॉटेल बांधा, पण समोरच्या वाळूवर कुणीही येऊन बसू शकतं. अडचण तिथेही आहेच. किनारा सार्वजनिक असला तरी हॉटेलांच्या भिंतींमधून तिथपर्यंत जायची वाट उरली पाहिजे ना! त्यामुळे रस्त्यावरून समुद्र दिसेल अशा मोकळ्या जागा राखण्यावरून तिथे सतत वाद चालू असतो. पण वाद घालायला लोकांच्या हातात हक्क आहे.

जमैकात उलटं आहे. तिथे १९५६चा किनारा नियंत्रण कायदा आहे. त्यानुसार किनारपट्टी सरकारची, वापराचे परवाने सरकार देणार आणि सामान्य माणसाला किनाऱ्यावर जायचा सरसकट हक्क नाही. परिणाम? ज्या खाडीत आजोबा मासे धरायचे, तिथे नातवाला कुंपण आडवं येतं. तिथल्या स्थानिक संघटना यासाठी कोर्टात गेल्या आहेत. दोन्ही देश पर्यटनावर जगतात, दोन्हीकडे समुद्र तोच. पण स्थानिक माणसाची आवडती जागा त्याच्याकडे राहते की नाही, हे कायदा आणि त्यासाठीची भांडणं ठरवतात. निसर्ग नाही ठरवत.

आपल्याकडे यातलं नेमकं कोणतं मॉडेल आहे? खरं सांगायचं तर कोणतंच नाही. पवना धरणाच्या काठानं एकदा गाडीवरून फेरी मारा. पाणी दिसतं, पण पाण्यापर्यंतची वाट दिसेलच असं नाही. कुंपण, गेट, कुत्र्यापासून सावध राहा, पुन्हा कुंपण. ज्या गावांची शेतं या धरणात गेली, त्या गावांतल्या काही कुटुंबांचा पुनर्वसनाचा प्रश्न पन्नास वर्षांनीही मिटलेला नाही. याच पाण्याच्या बंद जलवाहिनीवरून ९ ऑगस्ट २०११ला द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. मावळात पाणी हा फक्त रील काढायचा विषय कधीच नव्हता.

बंदी नावाचा हंगामी उपाय

भुशीच्या घटनेनंतर प्रशासनानं काय केलं? धरण परिसरातल्या अतिक्रमणांवर जेसीबी चालला, जिल्ह्यातल्या धबधबे-धरणांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले, संध्याकाळी सहानंतर प्रवेश बंद झाला. त्या क्षणी हे गरजेचं होतं, यात शंका नाही. पण पुढच्याच वर्षी १५ जून २०२५ला, पुन्हा रविवारीच, इंदोरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या ओझ्यानं कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचं आधीपासून माहीत होतं. फलक होता. फलक वाचायला लावणारं माणूस मात्र नव्हतं.

दोन घटना, दोन वेगळ्या जागा, पण कारण सारखंच दिसतं. भुशीचंच घ्या. हे धरण ब्रिटिश काळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं गेलं. धरण रेल्वेचं, मागचा डोंगर वनविभागाकडे, रस्ता नगरपरिषदेचा, गर्दी पोलिसांची. लेणी आणि लोहगड पुरातत्त्व खात्याकडे, पवना जलसंपदा विभागाकडे, वळवणचा तलाव टाटांच्या वीज कंपनीकडे. प्रत्येक जागेला मालक आहे. रविवारी दुपारी दोन वाजता तिथे हजर असलेला जबाबदार माणूस मात्र नाही. मग सगळ्यांना सोपं पडणारं एकच हत्यार उरतं, ते म्हणजे बंदी.

बंदीचा त्रास कुणाला होतो, हेही बघा. मुंबईचा पर्यटक गाडी वळवून दुसऱ्या घाटात जातो. कणसं भाजणाऱ्या मावशींचा मात्र अख्खा हंगाम जातो. पावसाळ्याचे जेमतेम तीन महिने त्यांच्या हातात, त्यातला एक आदेशात गेला की वर्षाचं गणित कोलमडतं. पवनेच्या काठावर तंबू लावणारी आमच्याच वयाची पोरं आहेत. नोकरीसाठी रोज चाकण-तळेगावच्या बसमध्ये उभं राहण्यापेक्षा आपल्याच रानात काहीतरी करू, म्हणून त्यांनी कर्ज काढलंय. त्यांतले काही नियम पाळतात, काही अजिबात पाळत नाहीत. बंदी दोघांना एकाच मापानं मोजते. त्यामुळे नियम पाळण्यात फायदा काय, हे कुणालाच कळत नाही.

पैसा कुठे जातो?

टायगर पॉइंट-लायन्स पॉइंटवर सुमारे ३३३ कोटींचा काचेचा स्कायवॉक प्रकल्प आखला गेला. काचेवर उभं राहून दरी बघायला मजा येईलच, नाही कशाला म्हणा. पण त्याच तालुक्यात कुणी बुडालं किंवा दरीत अडकलं, तर पहिला फोन जातो तो लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ आणि मावळातल्या ‘वन्यजीव रक्षक’ संस्थेच्या स्वयंसेवकांना. दिवसा आपापला कामधंदा करणारी ही माणसं रात्री दोर खांद्यावर घेऊन दरीत उतरतात. भुशीच्या शोधातही ती होती, सोबत आयएनएस शिवाजीचे नौदलाचे पाणबुडे होते. म्हणजे कौशल्य इथे आहे, माणसं इथे आहेत. फक्त ती बोलावली जातात सगळं घडून गेल्यावर. हंगामात आधीपासून धबधब्यावर शिट्टी आणि दोर घेऊन, रोजच्या पगारावर, यांच्या हाताखाली तयार झालेली पंचवीस पोरं का उभी नसतात?

या प्रश्नाला ‘निधी नाही’ हे उत्तर पटत नाही. प्रत्येक गाडी पार्किंगचे पैसे देते, कुठे ना कुठे प्रवेशशुल्क देते. राज्यात काही ठिकाणी वनविभाग आणि गावाची संयुक्त समिती मिळून शुल्क घेते आणि त्यातून स्वच्छता आणि राखण यांचा खर्च भागवते. म्हणजे वाट नवी नाही. गावागावांत हिशेब उघड व्हावा आणि त्यातला ठरावीक वाटा जीवरक्षकांवर खर्च व्हावा, इतकीच मागणी आहे. दुसरी मागणी संख्येची. एखाद्या धबधब्यापाशी एका वेळी किती माणसं मावतात, हे ठरवून त्यापुढच्या गाड्या खालच्या फाट्यावरच थांबवल्या पाहिजेत. ‘मिसिंग लिंक’ घाटातली वीस-पंचवीस मिनिटं वाचवेल, चांगलंच आहे. पण लोणावळ्याला लवकर पोचलेली गाडी शेवटी उभी राहते भुशीच्याच रस्त्यावर.

आणि हो, सगळं खापर प्रशासनावर फोडून आपल्याला मोकळं होता येणार नाही. एक साधी गोष्ट आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? धबधब्याचं पाणी तुमच्या डोक्यावरच्या पावसानं वाढत नाही, ते वर डोंगरात पडलेल्या पावसानं वाढतं. इथे लख्ख ऊन असताना वर ढग फुटलेला असू शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पालापाचोळा, काटक्या यायला लागल्या किंवा आवाज बदलला, तर फोटो राहू द्या आणि सरळ काठ गाठा. ते कळायला मिनिट लागतं आणि पाणी चढायलाही फार वेळ लागत नाही. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे पाठ आहे. रील करणाऱ्या आमच्याच मित्रांनी मात्र ‘सीक्रेट वॉटरफॉल’ म्हणून लोकेशन टाकताना त्याखाली हे एक वाक्य कधी लिहिलं नाही. मीही लिहिलं नव्हतं.

सोमवारची गोष्ट

पर्यटन नको, असं म्हणणारा माणूस मावळात शोधून सापडणार नाही. चिक्कीपासून होमस्टेपर्यंत हजारो घरं त्यावर चालतात. पण मावळ म्हणजे फक्त पर्यटन नाही. देशभरात माहीत असलेला इंद्रायणी तांदूळ इथल्याच वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७मध्ये बाहेर पडला. व्हॅलेंटाइन डेला परदेशात जाणारे गुलाब इथल्या पॉलिहाउसमधून जातात. जुलै २०२५मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता गडावरची गर्दी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. खाचराची जागा बंगल्यानं घेतली, की भात जातो आणि बेडकांचा आवाजही जातो. मग ज्यासाठी लोक येत होते, तेच उरत नाही. विकणाऱ्यालाही शेवटी विकायला काही राहत नाही.

म्हणून बार्बाडोस लक्षात ठेवायचा तो फक्त त्या झेलासाठी नाही. तिथल्या लोकांनी आवडत्या जागेचा हक्क धरून ठेवलाय आणि वाट बंद झाली की ते भांडतात. आपल्याकडे भांडायची जागा फार लांब नाही. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की गावोगावी ग्रामसभा असते. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या आणि गावच्या मतदार यादीत असलेल्या प्रत्येकाला तिथे बसून प्रश्न विचारता येतो. आपण बहुतेक जण त्या वेळी लोहगडच्या पायऱ्यांवर असतो.

यंदा तासभर आधी खाली उतरू. तीन प्रश्न कागदावर लिहून नेऊ: पार्किंगचे पैसे किती जमले? आपल्या हद्दीतल्या पाण्यावर जीवरक्षक किती आणि कधीपासून? धरणाकडे जाणारी गावची जुनी वाट आज कुणाच्या गेटच्या आत आहे? उत्तरं लगेच मिळणार नाहीत. पण प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा आणि त्याची नक्कल मागून घ्या. नाहीतर पुढच्या जूनमध्ये पुन्हा एखादा रविवार येईल, पुन्हा एखादा व्हिडिओ येईल, आणि आपण तो एकमेकांना फॉरवर्ड करत बसू.