पोटदुखीचे सोंग

"डॉक्टरसाहेब, शाळंच्या वेळंलाच याचं पोट दुखतंय. नुसतं सोंग करतंय बघा."

सोमेश्वरनगरला कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, की ही तक्रार माझ्या दवाखान्यात हमखास येते. गेल्या हंगामात असाच एक नऊ वर्षांचा मुलगा आला. आईवडील ऊसतोडीला आलेले, राहणे कोपीत. जंत, बद्धकोष्ठ, लघवीचा दाह, सारे पाहिले. काहीच निघाले नाही. आईला बाहेर बसवून त्याला विचारले, तेव्हा उलगडा झाला. वर्गात धड्यांची नाटके होत आणि चोराचे काम नेहमी यालाच मिळे. पुढे मधल्या सुट्टीतही मुले त्याला 'चोर' म्हणू लागली.

लहान मुलांची भीती आणि अपमान पुष्कळदा पोटातून बोलतात. दुखणे खरेच असते. त्याला सोंग म्हणू नये.

मी त्याच्या बाईंना भेटलो. नाटक बंद करा असे सांगितले नाही. कामे बदलून द्या, एवढेच म्हणालो. पुढच्या खेळात तो डॉक्टर झाला. रोग्याला त्याचा पहिला प्रश्न होता, "सकाळी काही खाल्लंस का?" पहाटे फडावर निघणाऱ्या घरातले पोर दुसरे काय विचारणार? खरे सांगतो, हा प्रश्न मी त्याला विचारायला विसरलो होतो. त्याची पोटदुखी एका दिवसात थांबली नाही; पण शाळा बुडणे कमी झाले.

मनोविकारतज्ज्ञ व नट डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ साली बर्लिनच्या 'ग्रिप्स'चे बालनाट्य पुण्यात आणले. त्यात राजा-राक्षस नव्हते. मुलांच्या रोजच्या अडचणी होत्या. मूल स्वतःच्या तोंडाने जे सांगत नाही, ते दुसऱ्याच्या भूमिकेतून सहज सांगते. म्हणून माझे मत असे, की आठवड्यातून एक तास वर्गात असा खेळ व्हावा. अभ्यासक्रम मागे पडेल ही शिक्षकांची अडचण मला कळते; पण धडाच खेळातून घेतला, तर वेगळा वेळ लागत नाही.

मात्र काही पथ्ये पाळावीत. चोर, दारुडा, नोकर ही कामे एकाच मुलाच्या गळ्यात घालू नयेत. ज्याच्या घरी मारहाण आहे, त्याच्याकडून मारहाणीचा प्रसंग करवून घेऊ नये. खेळ संपताच प्रत्येकाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी. खेळात काही गंभीर कळले, तर वर्गात चर्चा न करता मुलाशी एकांतात बोलावे.

पालकांनीही लक्षात ठेवावे. पोटदुखीने मूल रात्री झोपेतून उठत असेल, ताप, वारंवार उलट्या, शौचावाटे रक्त किंवा वजन घटणे असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. यातले काही नसेल आणि दुखणे शाळेच्याच वेळी येत असेल, तर मुलाला रागावण्याआधी एवढेच विचारा, "शाळेतल्या नाटकात तुला कोण करतात रे?"