घरटं की घोटाळा?

"ताई, पिवळी फुगून पिंजऱ्याच्या तळाला बसलीय. उठतच नाहीये."

हा फोन आला तेव्हा मी हॉस्टेलच्या रूमवर सबमिशनच्या फायली पूर्ण करत होते. एप्रिल महिना, पंखा गरम हवा फेकतोय, आणि फोनवर माझा दहावीतला धाकटा भाऊ रडकुंडीला आलेला. पिवळी म्हणजे आमची बजरीगर मादी. आपल्याकडे सगळे जण ज्यांना 'लव्हबर्ड' म्हणतात ना, तीच. (खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. बजरीगर ऑस्ट्रेलियाचे. जॉन गूल्ड नावाच्या पक्षितज्ज्ञाने १८४० मध्ये ते इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभरच्या पिंजऱ्यांत पोचले.)

बाबा तिला डॉक्टरांकडे घेऊन निघाले, पण रस्त्यातच ती गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अंडं आत अडकलं होतं. ऐन उमेदीतला पक्षी. आणि तिच्या मरणात माझा वाटा होता. कारण ती ज्या खोक्यात अंडी घालत होती ते खोकं मी बनवलेलं होतं. मोठ्या अभिमानाने!

मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्या खोक्याबद्दल आहे. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण विषय मात्र हसण्यावारी नेऊ नका.

झालं असं. भावाला वाढदिवसाला एक जोडी मिळाली, निळू आणि पिवळी. दुकानदार म्हणाला, "मडकं टांगा, वर्षात डझनभर होतील." मडकं? मी फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये हाफ लॅप जॉइंटचा जॉब केलेली इंजिनिअर! सेकंड इयरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी कामाला लागले. स्वयंपाकघराच्या ट्रॉलीच्या कामातून उरलेलं सनमायका लावलेलं प्लाय घेतलं, चकचकीत बाजू आत ठेवली (धुवायला सोपी म्हणून!), काटकोन तपासले, फेव्हिकॉल लावला, वरून ऑइलपेंट. तळ असा सपाट की त्यावर स्पिरिट लेव्हल ठेवून फोटो काढला आणि विंगच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले.

पिवळीने पाच अंडी घातली, चार फुटली. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. पण तीन आठवड्यांनी भावाच्या लक्षात आलं की दोन पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकलेत, बेडकासारखे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "तळ कसा आहे?" मी फोनवरून ऐटीत सांगितलं, "एकदम फ्लॅट, सर."

"तेच तर चुकलं."

पिल्लाचं हाड मऊ असतं. वर आईचं वजन, शेजारी मोठी भावंडं, खाली गुळगुळीत सनमायका. पायाला पकड मिळतच नाही आणि पाय बाहेर सरकत जातात. रानात झाडाच्या ढोलीचा तळ खोलगट आणि खरखरीत असतो, त्यामुळे पाय आपोआप अंगाखाली राहतात. डॉक्टरांनी मऊ पट्टीने पाय योग्य अंतरावर बांधून दिले. एकाचे सुधारले. दुसऱ्याला उशीर झाला होता. ते अजून आमच्याकडे आहे, दांडीवर बसू शकत नाही, आडव्या फळीवर झोपतं.

मग भावाने खोक्यात रंध्याची सालं घातली. दुसऱ्या खेपेची पिल्लं ठणठणीत झाली. आम्हाला वाटलं, प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड! खोकं तसंच टांगलेलं राहिलं. पिवळीने लगेच तिसरी खेप सुरू केली. त्यानंतरचं तुम्हाला सांगितलंच.

पहिली चूक मापाची होती. दुसरी चूक माझ्या लक्षात फार उशिरा आली, आणि तीच मोठी. पोपटाला आपण घरटं 'राहायला' देतो असं आपण समजतो. पण घरटं हे त्याचं घर नाहीच मुळी! बजरीगर एरवी फांदीवर झोपतो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात पाऊस पडला, गवताला दाणा आला, की निलगिरीच्या झाडातली ढोली शोधायची, पिल्लं वाढवायची आणि दाणा संपला की निघून जायचं. म्हणजे ढोली हा एक सिग्नल आहे. भरपूर दाणा अधिक मोठा दिवस अधिक अंधारी जागा, बरोबर अंडी. रानात यातली एक तरी गोष्ट संपते आणि सिग्नल बंद होतो. आपल्या घरात वाटी कायम भरलेली, ट्यूबलाइट रात्री बारापर्यंत आणि खोकं बाराही महिने टांगलेलं. स्विच ऑन करून आपण विसरून गेलो! मादी अंड्यामागून अंडं घालते, कवचासाठी लागणारं कॅल्शिअम अंगातून जातं, ते संपलं की स्नायूसुद्धा नीट आकसत नाहीत आणि अंडं अडकतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पाळलेल्या पोपटाला घरटं न देणं हा नियम असावा आणि देणं हा अपवाद. दुकानात पिंजऱ्याबरोबर मडकं जणू फ्रीमध्ये गळ्यात मारतात, ते घेऊच नये.

यावर लोक म्हणतात, "अगं, जोडी आहे, पिल्लं नकोत का त्यांना? बिचारी उदास होतील." उदास वगैरे काही होत नाहीत. त्यांना सोबत हवी असते, उडायला जागा हवी असते, कुरतडायला फांदी हवी असते. पिल्लांचा हट्ट आपला असतो. आणि पिल्लं झाल्यावर ती कुठे जातात ते विचारा. पहिल्या खेपेला मित्रांना, दुसऱ्या खेपेला शेजाऱ्यांना आणि तिसऱ्या खेपेला परत त्याच दुकानात. आम्हीही दोन दिली. आज ती कशी आहेत, मला माहीत नाही. याची लाज वाटते.

दुसरा मुद्दा, "आमच्याकडे वर्षानुवर्षं मडकंच आहे, काही झालं नाही." इथे मी हात जोडते. मडक्याचा तळ गोल असतो, आतून खरखरीत असतं, माती हवा खेळती ठेवते. माझ्या सनमायकापेक्षा कुंभारकाका जास्त चांगले डिझायनर! पण मडकं उघडून आत बघता येत नाही, नीट साफ करता येत नाही, आणि आत एखादं पिल्लू मेलं तरी कळत नाही. तोटा आहे तो हा.

आता कोणाला विचारपूर्वक एखादी खेप घ्यायचीच असेल, म्हणजे मादी निदान वर्षाची आहे, धडधाकट आहे आणि पिल्लांची जागा आधीच ठरलीय, तर निदान माझ्या चुका करू नका.

बजरीगरसाठी तळ साधारण १५ × २० सेंमी आणि उंची २० सेंमीच्या आसपास. कॉकॅटिलला साधारण ३० सेंमीचा चौकोनी डबा लागतो. भोक बजरीगरला चार-साडेचार सेंमीचं, कॉकॅटिलला सातच्या आसपास, आणि ते वरच्या बाजूला, एका कडेला. अंडी भोकाच्या बरोबर खाली नकोत, नाहीतर आई आत उडी मारते ती थेट अंड्यांवर. दुसऱ्या कडेला तळाच्या फळीत उथळ वाटीसारखा खोलगटपणा कोरून घ्या. लाकूड साधं, बारा मिलिमीटर तरी जाड. आतून रंग, पॉलिश, सनमायका काही नको. भोकाच्या खाली आतून खाचा पाडा म्हणजे पिल्लांना चढता येतं. खिळ्यांची टोकं आत येताहेत का ते बोट फिरवून बघा. वर उघडणारं झाकण, बाजूला हवेची भोकं. तळात रंधा मारताना निघतात ती लाकडाची कुरळी सालं घाला. करवतीचा बारीक भुसा नको, तो श्वासात जातो. पश्चिमेच्या गॅलरीत तर मुळीच टांगू नका. दुपारी तिथे खोक्याचा ओव्हन होतो. एकापेक्षा जास्त जोड्या असतील तर खोकी जोड्यांपेक्षा जास्त आणि सगळी एकाच उंचीवर, नाहीतर माद्यांची जी भांडणं होतात त्यापुढे आमच्या विंगमधली बाथरूमची लाइन काहीच नाही.

अंडी दिवसाआड येतात, साधारण १८ दिवसांनी फुटतात, आणि पाचेक आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडतात. तेवढा काळ समुद्रफेनाचा तुकडा पिंजऱ्यात हवाच. वर्षात फार तर दोन खेपा. आणि शेवटचं पिल्लू स्वतः खायला लागलं की खोकं काढा! धुवा, वाळवा, माळ्यावर टाका. दिवेही लवकर बंद करा. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते 'खोकं काढा' हे ठेवा.

एक महत्त्वाचं राहिलं. हे सगळं परदेशी जातींबद्दल आहे. आपला हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला पोपट घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग त्याला कितीही 'विठू विठू' म्हणायला शिकवा. मकाव किंवा आफ्रिकन ग्रे घरी असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते.

आपल्या हिरव्या पोपटाला घरटं द्यायचं असेल तर त्याचा रस्ता वेगळा आहे. तो स्वतः घरटं बांधत नाही. सुतार पक्ष्याने, तांबटाने कोरलेली जुनी भोकं किंवा झाडाची ढोली तो वापरतो. मैना आणि पिंगळाही तशाच जागा शोधत असतात. हॉस्टेलच्या मागचं जुनं झाड 'वाळलंय, धोकादायक आहे' म्हणून तोडायचं ठरतं तेव्हा रस्त्यावर येणारी फांदी जरूर काढा, पण खोड राहू द्या. आपल्याला ते मेलेलं लाकूड वाटतं, त्यांच्यासाठी तो पूर्ण भरलेला हॉस्टेल ब्लॉक असतो. आपल्या स्टाफपैकी ज्यांच्या हातात हे निर्णय असतात त्यांना माझी ही नम्र विनंती समजावी.

सुट्टीनंतर मी वर्कशॉपच्या काकांना सगळा किस्सा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "काय गं, ड्रॉइंग केलं होतंस?" केलं होतं म्हटलं. "मग जॉब कोणासाठी आहे ते ड्रॉइंगवर लिहिलं होतंस का?"

नव्हतं लिहिलं. माप मी प्लायच्या तुकड्याप्रमाणे घेतलं होतं, रंग पडद्यांना मॅच होईल असा, आणि तळ माझ्या स्पिरिट लेव्हलप्रमाणे. जिला आत बसायचं होतं तिचा विचार कुठेच नव्हता. उद्या आपण पूल बांधू, मशीन बनवू, सॉफ्टवेअर लिहू. तिथेही आत कोणीतरी असणारच आहे.

माझं ते खोकं मी मोडलं नाही. ते रूममध्ये टेबलावर असतं, त्यात पेनं, पट्ट्या आणि कॅल्क्युलेटर ठेवते. तळ अजूनही एकदम फ्लॅट आहे. पेनांचं त्यात छान चाललंय.